एकान्त आणि एकाकीपण

श्रीमद्भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना भगवंतांनी निर्जन व शुद्ध स्थानी राहण्याची आवड आणि जनसमूहाविषयी अरुची, या दोहोंची गणना केली आहे (श्लोक १०). सहाव्या अध्यायातही योग्याने एकट्याने, एकान्तात राहून चित्त स्थिर करावे असे सांगितले आहे. ही वचने पुष्कळांच्या मुखी असतात. परंतु ती कोणी कोणास सांगावयाची, याचा विचार क्वचितच होतो. तो न केल्यास काय घडते, हे २०२० च्या महामारीत घरोघरी दिसून आले. चेन्नई नगरीचेच उदाहरण घ्यावे.

२४ मार्च २०२० रोजी सायंकाळी तमिळनाडूत टाळेबंदी सुरू झाली. दुसऱ्या दिवसापासून ती सर्व देशात लागू झाली. पासष्ट वर्षांवरील व्यक्तींनी घराबाहेर पडू नये, अशी शासनाची सूचना होती आणि ती योग्यच होती, कारण हा रोग वृद्धांनाच अधिक घातक ठरत होता. मे महिन्यात कोयंबेडूच्या भाजीबाजारातून संसर्ग पसरला आणि जूनमध्ये शहरात पुन्हा कडक टाळेबंदी आली. २०११ च्या जनगणनेप्रमाणे साठ वर्षांवरील लोकांचे प्रमाण देशात शेकडा ८.६, तर तमिळनाडूत १०.४ होते. चेन्नईतील कित्येक घरांत वृद्ध दांपत्य, किंवा त्यांतील मागे राहिलेले एकच माणूस, राहते. मुले परदेशी असतात. त्या मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय विमाने थांबली आणि मुलांचे येणेही थांबले.

मैलापूर किंवा तिरुवल्लिक्केणी येथील वृद्धाचा दिवस कसा असे, हे पाहिल्यावाचून त्याचे काय हरपले ते कळणार नाही. पहाटे दारात कोलम, म्हणजे आपल्याकडील रांगोळी. मग मरीनावर फेरी, देवदर्शन, मंदिराभोवतीच्या माड रस्त्यांवर भाजी घेता घेता चार ओळखीच्यांशी बोलणे. मार्गशीर्षात सभांमधून गायन. यांपैकी बहुतेक गोष्टी एका दिवसात बंद पडल्या. राज्यातील मोठी देवळे १ सप्टेंबर २०२० रोजी उघडली, मरीना तर डिसेंबरपर्यंत बंद होता, आणि त्या वर्षीचे गायन पडद्यावरून ऐकावे लागले. जुन्या घरांना तिण्णै असे, म्हणजे आपला ओटा. तिथे बसून, अंतर राखूनही, रस्त्यावरच्या माणसाशी बोलता येई. सदनिकांना ओटा नाही. तंजावरहून आलेल्या जुन्या मराठी कुटुंबांतील वृद्धांची अडचण आणखी निराळी. घरात बोलावयाची ती तंजावरी मराठी बोलण्यास समवयस्क जोडीदार आधीच थोडे, तेही आता भेटेनासे झाले.

अशा वेळी मुले दूरध्वनीवर म्हणत : "अनायासे निवांतपणा मिळाला आहे, जप करा, गीता वाचा." हेतू चांगला, पण शास्त्रदृष्ट्या ही गफलत होय. आद्य शंकराचार्यांनी गीताभाष्यात या श्लोकाचा अर्थ फार काळजीपूर्वक लावला आहे. विविक्त देश म्हणजे केवळ निर्मनुष्य जागा नव्हे. तो स्वभावतः किंवा संस्काराने शुद्ध असावा, साप-वाघ आदींच्या भयापासून मुक्त असावा. जनसमूहाची अरुची म्हणजे संस्कारहीन, अविनीत जनांच्या मेळ्याची. विनीत व सुसंस्कृत जनांचा संग वर्ज्य नाही, कारण तो ज्ञानाला उपकारक आहे, असे आचार्य स्पष्ट म्हणतात. ज्या खोलीत रोगाचे भय रात्रंदिवस बसलेले आहे आणि स्नेह्यांचा संग तुटला आहे, ती खोली विविक्त देश कशी ठरेल? एकान्त साधक स्वतः निवडतो. एकाकीपण मनुष्यावर येऊन पडते. वैराग्याचा उपदेश स्वतःला करावयाचा असतो. तो दुसऱ्याच्या दुःखावर लादला की तो कठोरपणा होतो. (जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच 'सामाजिक अंतर' न म्हणता 'शारीरिक अंतर' म्हणावे असे सुचविले होते, तो शब्द रूढ झाला असता तर बरे होते.)

मग दुःखी माणसाजवळ कसे असावे? याचा पाठ पहिल्या अध्यायात आहे, आणि तोच बहुधा घाईने वाचला जातो. अर्जुनाचे अंग गळते, तोंड कोरडे पडते, हातातून धनुष्य निसटते. तो बोलतो, पुष्कळ बोलतो. त्या संपूर्ण अध्यायात भगवंत त्याला केवळ समोरचे कौरव पाहण्यास सांगतात, त्याहून अधिक एक शब्द नाही. उपदेश दुसऱ्या अध्यायात सुरू होतो. तोवर ते रथावर आहेत आणि ऐकत आहेत. तिरुवल्लिक्केणीच्या मंदिरात भगवंत याच पार्थसारथीच्या रूपात पूजिले जातात. उत्सवमूर्तीच्या मुखावर भीष्मांच्या बाणांचे व्रण आहेत अशी तेथील श्रद्धा आहे. सारथी सुरक्षित जागी उभा राहून सांगत नव्हता, हे त्या व्रणांवरून ध्यानी येते.

गृहस्थाने यातून घ्यावयाचे ते साधे आहे. रोज ठरलेल्या वेळी दूरध्वनी करावा. अनियमित दीर्घ संभाषणापेक्षा नियमाचे पाच मिनिटांचे बोलणे वृद्धाला अधिक आधार देते, कारण तो त्या वेळेची वाट पाहू शकतो. सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे : उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय आणि हितकर भाषण. "औषध घेतले का, बाहेर गेला नाहीत ना" एवढेच विचारणे हितकर खरे. पण प्रिय नव्हे. कमी ऐकू येणाऱ्याशी सावकाश बोलावे. तीच गोष्ट चौथ्यांदा सांगितली तरी ऐकावी.

तथापि प्रत्येक खिन्नता बोलण्याने जाईल असे समजू नये. झोप व अन्न सुटणे, नेहमीच्या गोष्टींतून मन उठणे, जगण्याचा कंटाळा बोलून दाखविणे, वाढते विस्मरण ही वैद्याकडे नेण्याची लक्षणे आहेत. त्यांत भक्तीची उणीव शोधणे अन्यायाचे होय. चेन्नईत डॉ. शारदा मेनन यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेली 'स्कार्फ' ही संस्था मनोरुग्णांची, तसेच स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांची सेवा करते. 'स्नेहा' ही संस्था १९८६ पासून जीवनाला कंटाळलेल्यांचे ऐकून घेते. देशभर वृद्धांसाठी १४५६७ आणि मानसिक साह्यासाठी १४४१६ हे विनाशुल्क क्रमांक आहेत. महामारी सरली तरी यांचे काम सरलेले नाही; जगात सहांपैकी एक मनुष्य एकाकीपणाने ग्रस्त आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये सांगितले.

आणखी एक गोष्ट. वृद्धाला केवळ घेणारा करू नये. दहाव्या अध्यायातील नवव्या श्लोकात भक्त परस्परांना बोध करतात असे वर्णन आहे. तेथे एक सांगणारा व दुसरा ऐकणारा असा भेद नाही. गीतेचे श्लोक सातशे. रोज दोन श्लोक आजोबांनी दूरध्वनीवर म्हणावेत, नातवाने मागून म्हणावेत, चुकल्यास त्यांनी उच्चार सुधारावा. साडेतीनशे दिवसांत पाठ पुरा होतो. अर्थ नातवाला कळला नाही तर विचारू द्यावा, आणि आजोबांनाही सांगता आला नाही तर दोघांनी मिळून दुसऱ्या दिवशी शोधावा.