'वाय' दाबण्याआधी

भाचेबुवा, डेबियनचा सर्व्हर पहिल्यांदाच तुझ्या एकट्याच्या हाती आलाय, म्हणून चार गोष्टी कानात सांगतो. चारच्या सात होतील, मामाला सवय आहे.

१. आधी 'ॲप्ट अपडेट', मग 'ॲप्ट अपग्रेड' — पहिल्याने फक्त नव्या आवृत्त्यांची यादी ताजी होते, बसवलेलं काहीच बदलत नाही. अपडेट मारून "झालं मामा" म्हणणारे भाचे मला ठाऊक आहेत.

२. सुरुवातीला 'डीएफ'ने डिस्क बघ, '/बूट' वेगळं पार्टिशन असेल तर तेही — नवा कर्नल आला तरी जुना लगेच जागा सोडत नाही, आणि जागा संपली की गाडं मधेच रुततं.

३. लांबच्या मशीनवर टीमक्समध्ये शिरूनच काम सुरू कर — घरचं वाय-फाय गेलं की एसएसएच तुटेल, पण आतलं अपग्रेड चालू राहील. शुक्रवारी संध्याकाळी तर मुळीच नको. शुक्रवारचं अपग्रेड, शनिवारची धावपळ.

४. 'फुल-अपग्रेड' दिलंस तर काढून टाकायच्या पॅकेजांची नावं एकेक करून वाच — साधं 'अपग्रेड' बसवलेलं काही काढत नाही, हे मात्र गरज पडली तर काढतं. त्यात तुझ्या डेटाबेसचं नाव दिसलं तर 'एन' दाब आणि चहा घेऊन ये. यादी वाचेल त्याची झोप वाचेल.

५. मधेच ते विचारेल, तू हात लावलेली कॉन्फिग फाइल ठेवू की पॅकेजबरोबरची नवी घेऊ? नुसतं एंटर मारलंस तर बहुधा तुझीच राहते, तरी आधी 'डी' दाबून फरक बघ — कधीकधी जुन्या फाइलमधली एखादी ओळ नव्या आवृत्तीला चालत नाही आणि सर्व्हिस उठतच नाही. तुझी ठेवलीस तर नवी फाइल शेजारी 'डीपीकेजी-डिस्ट' असं शेपूट लावून पडते, नवी घेतलीस तर तुझी 'डीपीकेजी-ओल्ड' होते. हरवत काहीच नाही, तेव्हा घाईने घाम पुसू नकोस.

६. अकरावरून थेट तेरावर उडी नको, बाराव्या आवृत्तीत मुक्काम कर, आणि रिलीज नोट्स वाच — २०२३ साली आलेल्या १२ मध्ये फर्मवेअरचा विभागच वेगळा झाला. सोर्सेस यादीत तो घातला नाहीस तर वाय-फाय कार्डाचं फर्मवेअर जुनंच राहू शकतं. आणि बॅकअप? तो आहे असं म्हणू नकोस, एकदा परत उतरवून दाखव.

७. नवा कर्नल आला की रीबूट कर — तोवर चालू असतो तो जुनाच. त्यातून काही बिघडलंच, तर मला फोन लावण्याआधी '/व्हार/लॉग/ॲप्ट'मधली हिस्टरी फाइल उघडून ठेव. कुठलं पॅकेज कुठल्या आवृत्तीवरून कुठल्यावर गेलं हे तिथे तारखेसकट असतं, आणि मी पहिलं तेच विचारणार.