रजोनिवृत्ती आणि शरीरातील सूक्ष्मजीवसृष्टी

देवगड परिसरात आंब्याचा हंगाम सुरू झाला की पन्नाशीच्या आसपासच्या स्त्रिया मूत्रदाहाची तक्रार घेऊन येतात. दिवसभर आंबा भरण्याच्या कामात पाणी कमी प्यायले जाते, लघवी रोखली जाते. ‘उन्हाळी लागली’ हे निदान रुग्णा स्वतःच सांगते. आपणही धन्याचे पाणी व चंद्रप्रभा देऊन मोकळे होतो. मात्र तीच रुग्णा ऐन श्रावणात पुन्हा आली, तर उष्म्याखेरीज अन्य कारण शोधावयास हवे.

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात आर्तवाचा काल बारा ते पन्नास वर्षे सांगितला आहे. त्यानंतर इस्ट्रोजेन घटते, योनीची अंतस्त्वचा पातळ व रूक्ष होते आणि तिच्यातील ग्लायकोजेन कमी होते. या ग्लायकोजेनवर लॅक्टोबॅसिलस जिवाणूंचे पोषण होते. १८९२ मध्ये जर्मन वैद्य डोडरलाइन यांनी त्यांचे वर्णन केले. ते दुग्धाम्ल निर्माण करून तेथील सामू साधारण ३.८ ते ४.५ राखतात. त्यांची संख्या घटली की सामू पाचापुढे जातो व आतड्यातील ई. कोलाय मूत्रमार्गापर्यंत सहज पोहोचतात. १९९३ मध्ये राझ व स्टॅम यांनी वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या, रजोनिवृत्त अशा ९३ स्त्रियांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. योनिमार्गे इस्ट्रिऑल मिळालेल्या स्त्रियांत संसर्गाचे प्रमाण वर्षाला ०.५, तर इतरांत ५.९ आढळले.

आतड्यातील काही जिवाणू पित्तावाटे आलेले इस्ट्रोजेन मुक्त करून पुन्हा रक्तात जाऊ देतात. अमेरिकेतील हिस्पॅनिक समाजाच्या २०२२ मधील अभ्यासात रजोनिवृत्त स्त्रियांची आंत्रस्थ जीवसृष्टी पुरुषांच्या जीवसृष्टीकडे झुकलेली दिसली. यावरून जाठराग्नी म्हणजेच हे जिवाणू, असे समीकरण मांडण्याची घाई आपल्यातील काहीजण करतात. आम्हांस ती मान्य नाही.

नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, ताक हा इकडचा आहार आतड्यास हितकरच आहे. परंतु दह्याचे विरजण व योनीतील जिवाणू एकच नव्हेत. ताकाने मूत्रसंसर्ग हटेल असे आश्वासन देऊ नये. रूक्षतेत तिळतेलाचा पिचू उपयोगी पडतो, पण तीव्र संसर्ग असताना तो टाळावा. जंतुनाशक द्रावणाने योनिप्रक्षालन करण्याची सवय आवर्जून विचारावी. लाजेमुळे ती आपणहून सांगितली जात नाही. पुनःपुन्हा दाह होत असल्यास मूत्राचे कल्चर व रक्तशर्करा तपासावी आणि स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे. पाळी थांबून वर्ष लोटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी अशोकारिष्ट देत न बसता रुग्णेस त्याच आठवड्यात तपासणीसाठी धाडावे.