जबडा वाढता असेपर्यंत

माझ्या मुलीचा वरचा जबडा अरुंद होता. तो रुंद करण्यासाठी तिच्या टाळूला एक्स्पांडर बसवला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आता तो टप्पा पार पडला आहे, आणि ओळखीतले आईवडील फोन करून विचारतात: दुखतं का हो? जेवता येतं का? इतक्या लहान वयात कशाला? एकेकाला तुकड्यातुकड्यांनी सांगितलेलं इथे एकत्र लिहिते आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं, की या उपचारात सगळा खेळ वेळेचा आहे. सुरुवात लांबवून चालत नाही आणि शेवट लवकर उरकून चालत नाही.

१. वाकड्या दातांआधी चावा बघा

मुलाला मागच्या दाढा एकमेकींवर टेकवायला सांगा आणि बोटाने गाल हलकेच बाजूला करा. वरचे दात खालच्या दातांच्या किंचित बाहेर बसायला हवेत. आमच्याकडे उजव्या बाजूला नेमकं उलटं होतं. वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत जात होत्या. डॉक्टर याला क्रॉसबाइट म्हणतात. तो एकाच बाजूला दिसला तरी वरचा जबडा बहुतेकदा दोन्ही बाजूंनी अरुंद असतो. दात सरळ टेकले की अडतात, म्हणून मूल खालचा जबडा एका अंगाला सरकवून चावतं. मुलगी तोंड मिटायची तेव्हा तिची हनुवटी जराशी उजवीकडे जायची. वर्षानुवर्षं असंच चालू राहिलं तर वाढत्या चेहऱ्यात तो तिरकेपणा पक्का होऊ शकतो. पुढचे दात एकमेकांवर चढलेत हे कोणालाही दिसतं. मागचा चावा मात्र मुद्दाम बघावा लागतो.

२. 'सगळे दात येऊ देत, मग बघू' हे इथे लागू नाही

सासूबाई म्हणाल्या होत्या, "अगं, दुधाचे दात पडू देत. आपोआप जागेवर येतं सगळं." दात थोडेफार सरकून जागेवर येतात हे खरं आहे, पण अरुंद जबडा आपोआप रुंद झाल्याचं सहसा होत नाही.

यामागचं कारण डॉक्टरांनी कवटीचा नमुना हातात देऊन समजावलं. वरचा जबडा हे एक हाड नाही. उजवं आणि डावं अशी दोन हाडं टाळूच्या मधोमध एका सांध्याने जोडलेली असतात. लहानपणी हा सांधा सरळ आणि सैल असतो. वय वाढतं तशा त्याच्या कडा एकमेकींत गुंतत जातात आणि पुढे हाड एकसंध होतं. सांधा मोकळा असतो तोवर दाढांना धरून दिलेला ताण पुरतो. वाढ संपल्यावर टाळूच्या हाडात छोटे स्क्रू बसवावे लागतात किंवा शस्त्रक्रियेची मदत घ्यावी लागते. मुली मुलांपेक्षा लवकर वयात येतात, त्यामुळे त्यांच्या हातात वेळ आणखी कमी असतो.

म्हणूनच अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्स ही संस्था सातव्या वर्षापर्यंत एकदा तपासणी करून घ्या असं सांगते. साधारण सहाव्या वर्षी पहिली कायमची दाढ येते आणि चावा कळू लागतो. दाखवलं म्हणजे लगेच काहीतरी बसवतात असं नाही. पुष्कळदा डॉक्टर सहा महिन्यांनी पुन्हा या म्हणतात.

३. अंगठा आणि नाक यांची चौकशी करा

जबडा अरुंद का झाला, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. काही घरांत ते आनुवंशिकच असतं. दुभंगलेल्या टाळूच्या मुलांमध्ये शस्त्रक्रियेनंतर जबडा अरुंद राहणं नेहमीचं आहे. बऱ्याच मुलांत अंगठा चोखण्याची सवय लांबलेली असते, किंवा नाक चोंदलेलं असल्यामुळे मूल तोंडाने श्वास घेत असतं. तोंड उघडं राहिलं की जीभ खाली पडते आणि टाळूला आतून मिळणारा तिचा आधार जातो. गालांचा दाब तेवढा बाहेरून चालू राहतो.

आमच्या मुलीला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे आधी नेलं, कारण ती रात्री तोंड उघडं टाकून झोपायची. टाळू ही नाकाची जमीनच आहे, त्यामुळे जबडा रुंद झाला की नाकातली वाटही थोडी मोकळी होते. पण घोरणं, वाढलेले अडेनॉइड आणि अॅलर्जी यांवर हे औषध नाही. त्यांचा इलाज वेगळा करावा लागतो.

४. डॉक्टर निवडताना थेट प्रश्न विचारा

हे काम ऑर्थोडॉन्टिस्टचं आहे, म्हणजे बीडीएसनंतर तीन वर्षं याच विषयात एमडीएस केलेल्या डॉक्टरांचं. त्यांना विचारा: आमच्या मुलाला क्रॉसबाइट आहे, की फक्त दातांची दाटी? उपकरण दाढांना चिकटवलेलं असेल की काढघालीचं? उपकरणाचा स्क्रू चावीने किती वेळा फिरवायचा? उपकरण एकूण किती महिने तोंडात राहील? पुढे तारा लावाव्या लागतील का, आणि त्यांचा खर्च यात धरला आहे का? क्रॉसबाइट नसताना केवळ दाटी आहे म्हणून जबडा रुंद करायला सांगितलं, तर दुसऱ्या तज्ज्ञांचंही मत घ्या.

खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत हा विभाग आहे. तिथे चकरा जास्त होतात, पण खर्च बराच कमी येतो.

५. चावी फिरवताना उजेड, दोरा आणि दिशा

सगळ्यात जास्त भीती याच कामाची असते, म्हणून जरा तपशिलाने सांगते. एक्स्पांडरच्या मधोमध, टाळूखाली, एक बारीक स्क्रू असतो. त्याला चार भोकं असतात आणि एका वेळी त्यातलं एकच समोर दिसतं. मुलगी पलंगावर आडवी व्हायची, डोकं माझ्या मांडीवर, हनुवटी वर. तिचे बाबा मोबाइलचा टॉर्च धरायचे. पुढच्या दातांकडच्या भोकात चावी बसवायची आणि घशाच्या दिशेने ढकलत न्यायची. पुढच्या बाजूला नवं भोक पूर्ण दिसलं की पाव फेरा झाला. नवं भोक अर्धवट दिसत असताना चावी काढली तर पुढच्या वेळी ती आत शिरत नाही. चावी बाहेर काढताना ती पुढे ओढू नका, नाहीतर स्क्रू उलटा फिरतो. घशाकडे तशीच ठेवून खाली उतरवा. चावीला दोरा बांधा आणि तो बोटाला गुंडाळा. निसटलीच तर घशात जाता कामा नये.

पाव फेऱ्याने स्क्रू साधारण पाव मिलिमीटर उघडतो. फिरवल्यावर नाकाच्या मुळाशी आणि डोळ्यांखाली दाब जाणवतो, कधी पटाशीचे दात ठणकतात. मुलगी त्याला "नाकात गच्च झालं" म्हणायची. काही मिनिटांत ते उतरायचं. रोज एकच वेळ ठरवा. आम्ही संध्याकाळी खेळून आल्यावरची ठरवली होती आणि फिरवलं की कालनिर्णयवर त्या तारखेला टिंब द्यायचो. एखादा दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी मनाने दोनदा फिरवू नका, दवाखान्यात फोन करा. दुखणं रोज वाढत गेलं किंवा एक्स्पांडर धरून ठेवणारा दाढेवरचा बँड सैल झाला तर फिरवणं थांबवून दाखवायला जा.

६. पुढच्या दातांत फट पडली की घाबरू नका

थोड्याच दिवसांत वरच्या दोन पटाशीच्या दातांमध्ये फट दिसू लागते. मुलगी आरशासमोरून हलेना. शेजारच्या काकूंनी जिन्यात थांबवून विचारलं, "बरे होते दात, हे काय करून ठेवलंत?" ही फट म्हणजे सांधा उघडल्याची खूण आहे. सांधा पुढच्या बाजूला जास्त आणि मागे कमी उघडतो, म्हणून एक्स-रेमध्ये टाळूच्या मधोमध काळा त्रिकोण दिसतो. तो बघितल्यावर सासूबाईंचाही विश्वास बसला.

या फटीला इतिहास आहे. १८६० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे दंतवैद्य एमर्सन एंजेल यांनी चौदा वर्षांच्या एका मुलीच्या टाळूला स्क्रूचं उपकरण बसवून जबडा रुंद केल्याचं लिहिलं. त्या काळी एक्स-रे नव्हता. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ मध्ये. हाड खरंच उघडलं याचा त्यांच्याकडचा दिसणारा पुरावा म्हणजे पुढच्या दातांतली फट. बऱ्याच जणांनी तो मानला नाही. पुढे ऑर्थोडॉन्टिस्ट अँड्र्यू हास यांनी १९६१ मध्ये आपलं काम मांडल्यावर ही पद्धत पुन्हा रुजली. ज्या फटीने एंजेल यांना खात्री दिली, तीच आज आईवडिलांची झोप उडवते. हिरड्यांमधले तंतू दोन दातांना एकमेकांकडे ओढत असतात, त्यामुळे पुढच्या काही महिन्यांत फट बहुतेक आपोआप मिटते. हे मुलाला आणि शाळेतल्या बाईंना आधीच सांगून ठेवा.

७. बोलणं आणि खाणं यांना सवड द्या

सुरुवातीला लाळ फार सुटते आणि बोलणं जड होतं. ट, ड, ण, ळ म्हणताना जीभ टाळूकडे जाते, आणि तिथे तर आता धातू बसलेला. मुलगी वर्गात हात वर करेनाशी झाली. आम्ही बालभारतीचं पुस्तक रोज मोठ्याने वाचायला घेतलं. एक परिच्छेद तिचा, एक माझा. जिभेला नवी जागा सापडली आणि शब्द सुटे होत गेले.

पहिले काही दिवस वरणभात, मऊ खिचडी, दहीभात, शिरा द्या. नंतर पोळी बारीक तुकडे करून चालते. चिक्की, तिळाच्या वड्या, च्युइंगम, उसाची पेरं आणि चिकट गोळ्या पूर्ण बंद. सगळ्यात जास्त अडकतात ते पालेभाजीचे दोरे आणि ओल्या खोबऱ्याचा कीस. जेवल्यावर नुसत्या चुळांनी ते निघत नाही. सुई नसलेल्या सिरिंजने पाण्याची बारीक धार स्क्रूच्या मागे सोडली की निघतं. मग ब्रश. बँडच्या कडेला अन्न राहिलं तर हिरडी सुजते आणि दाढ किडू शकते.

८. फिरवणं थांबलं म्हणजे उपचार संपला नाही

फिरवण्याचं काम काही आठवड्यांत आटोपतं. डॉक्टर गरजेपेक्षा थोडं जास्तच रुंद करतात, कारण नंतर काही अंशी मागे येतं हे त्यांनी धरलेलं असतं. मग स्क्रू बंद करतात आणि उपकरण तसंच ठेवतात, सहसा तीन ते सहा महिने, कधी त्याहूनही जास्त.

सगळ्यांची चुळबुळ इथेच सुरू होते. आता काही हलत नाही, दिसत नाही, तर काढून का टाकत नाही? कारण उघडलेल्या सांध्यात नवं हाड भरायला तेवढा वेळ लागतो. नव्या स्लॅबखालचे टेकू स्लॅब दिसायला कडक झाला म्हणून कोणी लगेच काढत नाही. शाळेचं स्नेहसंमेलन, घरातलं लग्न, फोटो अशी निमित्तं येतात. मुलीच्या मावसबहिणीच्या साखरपुड्याला ती तोंडात उपकरण घेऊनच नाचली. उपकरण लवकर काढायचा हट्ट धरू नका. डॉक्टर तपासून सांगतील तेव्हाच काढा.

९. पुढच्या तारांची तयारी ठेवा

जबडा रुंद झाला म्हणजे प्रत्येक दात ओळीत येईलच असं नाही. सगळे कायमचे दात आल्यावर अनेक मुलांना तारा लागतात. फरक एवढाच, की तेव्हा पायाची रुंदी मिळालेली असते आणि चावा सरळ टेकत असतो. काही मुलांचे दात काढणं यामुळे टळतं, सगळ्यांचं नाही.

१०. मुलाला सगळं सांगा

उपकरण कशासाठी, दुखेल ते किती आणि कुठे, फट का पडेल, सगळं आधी सांगा. "काही होत नाही" असं म्हणू नका, कारण काहीतरी होतं आणि ते मुलाला लगेच कळतं. मुलीला आम्ही चावी आणि एक्स-रे दोन्ही हातात घेऊन बघू दिलं. चावी फिरवायची वेळही तिनेच ठरवली. मग रोज ती स्वतःहून पलंगावर येऊन आडवी व्हायची.

घरात सहा-सात वर्षांचं मूल असेल तर आज रात्री दात घासून झाल्यावर त्याला दाढा टेकवायला सांगा आणि गाल बाजूला करून बघा. वरच्या दाढा आत जात असतील किंवा हनुवटी सरकत असेल तर पुढच्या सुट्टीची वाट न पाहता दाखवून घ्या. उपकरण बसवायचं का आणि कधी, ते डॉक्टर ठरवतील. मुलाला वेळेत त्यांच्यापर्यंत नेणं मात्र आपल्याच हातात आहे.