इंग्रजी पत्राचा समारोप

इंग्रजी पत्रलेखन शिकविताना पत्ता, तारीख व मजकूर यांवर शिक्षक पुष्कळ श्रम घेतात. समारोपाचा मात्र एकच साचा मुले पाठ करतात. मग मुख्याध्यापकांस, पोस्टमास्तरांस आणि मामासही ‘युवर्स ओबिडिअंटली’ जाते. वस्तुतः समारोप हा लिहिणारा व वाचणारा यांच्या नात्याचा उच्चार होय.

मराठीत आपण वडिलांस ‘आपला आज्ञाधारक’, स्नेह्यांस ‘लोभ असावा ही विनंती’ व कार्यालयास ‘आपला विश्वासू’ असे लिहितो. मुलांच्या परिचयाच्या या भेदापासूनच पाठास आरंभ करावा. शब्दशः भाषांतर मात्र करू देऊ नये.

मायना पाहून समारोप निवडावा :

१. ‘डिअर सर’ वा ‘डिअर मॅडम’ असल्यास ‘युवर्स फेथफुली’.
२. ‘डिअर मिस्टर जोशी’ असे नावाने संबोधन असल्यास ‘युवर्स सिन्सिअरली’.
३. आईवडिलांस ‘युवर लव्हिंग सन’ अथवा ‘डॉटर’.
४. ‘युवर्स ओबिडिअंटली’ आपल्याकडे मुख्याध्यापकांच्या अर्जात रूढ आहे. ते तेथेच ठेवावे.

पहिल्या शब्दाचे आद्याक्षर मोठे, दुसऱ्याचे लहान व शेवटी स्वल्पविराम असावा. ‘युवर्स’मध्ये ‘एस’पूर्वी अपॉस्ट्रॉफी घालू नये.

ब्रिटिश अमदानीत सरकारी पत्राखाली ‘आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक’ अशा अर्थाचे शब्द लिहिण्याची रीत होती. त्या काळातही गांधीजींनी आपला समारोप स्वतः निवडला. दि. २ मार्च १९३० रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांस कायदेभंगाची पूर्वसूचना देताना, आणि दि. २३ जुलै १९३९ रोजी युद्ध टाळण्याची विनंती हिटलरला करताना, दोन्ही पत्रांखाली त्यांनी ‘युवर सिन्सिअर फ्रेंड’ असे लिहिले. दुसऱ्या पत्राच्या शिरोभागी आपल्या वर्ध्याचा पत्ता आहे. विरोध सौम्य झाला नाही, आणि सौजन्यही ढळले नाही. नम्रता व लाचारी यांतील अंतर मुलांस समजावून देण्यास याहून जवळचे उदाहरण मिळणे कठीण.

सरावासाठी आजी, वर्गमित्र, मुख्याध्यापक व ग्रामपंचायत अशी चार पत्रे द्यावीत, आणि प्रत्येक समारोप का निवडला हे मुलांकडून तोंडी वदवून घ्यावे. गावच्या पाण्याच्या तक्रारीखाली ‘युवर्स फेथफुली’ लिहून मुलाने निःसंकोच सही केली, म्हणजे पाठ साधला असे समजावे.