डोळ्यांपुढचे ठिपके

पाऊस उघडला, की नायगावच्या चाळींवरचे आकाश लख्ख होते. त्या आकाशाकडे पाहताना कधी डोळ्यांपुढे काळा ठिपका दिसतो. कधी धागा, कधी जाळे दिसते. माशी समजून आपण हात हलवतो. पण ती जात नाही. नजर फिरली, की तीही फिरते.

ही माशी बाहेर नाही, डोळ्याच्या आत आहे.

डोळा आतून पोकळ नसतो. त्यात ताडगोळ्याच्या गरासारखा मऊ, पण काचेसारखा स्वच्छ गर असतो. त्यात बहुतेक पाणीच असते. त्यामागे एक पातळ पडदा असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. आपल्याला दिसते ते या पडद्यामुळे.

वय वाढले, की गर पातळ होतो व आकसतो. त्यातले बारीक तंतू एकत्र होतात. सिनेमाच्या पडद्यापुढे माणूस उभा राहिला, की त्याची सावली पडते ना? तशी या तंतूंची सावली डोळ्याच्या पडद्यावर पडते. तोच आपला ठिपका.

पन्नाशीनंतर हे पुष्कळांना होते. ज्यांना लांबचे दिसत नाही व चष्म्याचा नंबर मोठा आहे, त्यांना लवकर होते. एखाद-दुसरा जुना ठिपका असेल, तर घाबरू नये. हळूहळू तो जाणवेनासा होतो.

पण पुढील खुणा ध्यानात ठेवा :

१. एकाएकी पुष्कळ नवे ठिपके दिसू लागणे.
२. डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखे दिसणे.
३. एका बाजूने काळा पडदा सरकत येणे.
४. नजर एकदम कमी होणे.

आकसणारा गर कधी पडद्याला ओढतो. पडदा फाटतो. फाटीतून पाणी मागे शिरले, की तो भिंतीच्या पोपड्यासारखा सुटतो. मधुमेह असेल, तर आत रक्तही येऊ शकते.

हे दुखणे मुळीच दुखत नाही. तिथेच माणूस फसतो. "दुखत तर नाही, मग खाडा कशाला? रविवारी बघू," असे रोजावरचा माणूस म्हणतो. पण नुसती फाट असेल, तर ती बहुधा लेसर किरणांनी बंद करता येते. पडदा सुटला, तर शस्त्रक्रिया लागते. उशीर झाला, तर गेलेली नजर पुरती परत येईलच असे नाही. एक खाडा परवडेल. डोळा जाणे परवडणार नाही.

म्हणून यातली एकही खूण दिसली, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. नायगावहून परळचे के. ई. एम. रुग्णालय जवळ आहे. १९२६ साली सुरू झालेले हे रुग्णालय महानगरपालिकेचे आहे. भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय सरकारी आहे. केस पेपर काढताना "एकाएकी झालंय," असे स्पष्ट सांगा. डॉक्टर थेंब घालून बाहुली मोठी करतात व आतला पडदा तपासतात. मग काही तास अंधूक दिसते. म्हणून सोबत कोणाला तरी न्या. गाडी चालवू नका.

डोळ्यात मध, गुलाबपाणी किंवा कोणाचे उरलेले थेंब घालू नका. त्यांनी फाटलेला पडदा सांधत नाही.

प्रश्न
१. डोळ्यांपुढचा ठिपका कशामुळे दिसतो?
२. कोणत्या चार खुणा दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे?
३. एक डोळा झाकून समोरची भिंत पाहा. मग दुसरा झाकून पाहा. दोन्ही डोळ्यांना सारखे दिसते का?