फिरत्या घराची पूर्वतयारी

इ. स. १८८५ मध्ये ब्रिटिश नौदलातील माजी शल्यवैद्य गॉर्डन स्टेबल्स यांनी ‘वाँडरर’ नावाचे सुमारे दोन टन वजनाचे चाकांवरील घर बांधवून घेतले आणि त्याला दोन घोडे जुंपून ते दक्षिण इंग्लंडमधून थेट स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसपर्यंत नेले. त्यांचा एक नोकर तीनचाकी सायकलीवरून पुढे जाई व समोरून येणाऱ्यांना सावध करी. पुढे घोड्यांची जागा मोटारीने घेतली. युरोप-अमेरिकेत आज अशा घरांचे दोन प्रमुख प्रकार आढळतात : मोटारीमागे जोडून ओढावयाचा ट्रेलर, आणि स्वतःचे इंजिन असलेले मोटारघर. वेग कितीतरी पटींनी वाढला. पुढे धावणारा तो नोकर मात्र उरला नाही. त्याचे काम आता घर सोडण्यापूर्वीच उरकावे लागते.

यात पहिला मान वजनाचा. ज्याने बैलगाडी भरली आहे त्याला ‘उलाळ’ गाडी म्हणजे काय, हे सांगावयास नको. मागे भार जास्त झाला की जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. ट्रेलरचेही तसेच आहे. फरक एवढाच, की बैलगाडी जागच्या जागी उलाळते आणि ट्रेलरचा दोष वेग वाढेपर्यंत झाकून राहतो. सामान आसाच्या मागे अधिक झाले, की वाऱ्याचा झोत आल्याने किंवा मोठी मालमोटार शेजारून गेल्याने ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो. एका मर्यादेच्या आत हे हेलकावे आपोआप विरतात. ती मर्यादा ओलांडली, की प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो आणि अखेर ट्रेलर पुढच्या मोटारीलाही आपल्याबरोबर उलटवितो.

म्हणून ट्रेलरच्या वजनाचा काही अंश मोटारीच्या मागील जोडावर पडलाच पाहिजे. अमेरिकेत हा अंश सामान्यतः एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवतात. म्हणजे २,००० किलोग्रॅमच्या ट्रेलरचा जोडावरील भार २०० ते ३०० किलोग्रॅम होतो. ब्रिटनमधील कॅरव्हॅनसाठी ५ ते ७ टक्के सांगितले जातात. मोटारीची व जोडाची कमाल मर्यादा अर्थातच ओलांडता कामा नये. जड वस्तू खाली, आसाच्या आसपास ठेवाव्यात. दोन्ही टोकांना वजन ठेवून तोल साधण्याची युक्ती फसवी आहे. काटा बरोबर दिसतो, पण एकदा झोके सुरू झाले की ते आवरणे अधिक अवघड होते. पाण्याचाही हिशेब विसरू नये. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलोग्रॅम, आणि वाटेत ते स्वच्छ पाण्याच्या टाकीतून सांडपाण्याच्या टाकीत जाते तेव्हा भाराची जागाही बदलते. अंदाजावर विसंबू नये. सर्व सामान भरून, माणसे बसवून वाहन वजनकाट्यावर न्यावे.

एवढे करूनही झोके आलेच तर? वेगाच्या जोरावर ट्रेलर सरळ करू पाहणे घातक आहे. मोटारीचा ब्रेक जोराने दाबू नये, सुकाणूचक्र झोक्यांच्या विरुद्ध फिरवू नये. चक्र स्थिर धरून प्रवेगकावरील पाय हळूहळू काढावा. ट्रेलरच्या विद्युत ब्रेकला स्वतंत्र हाताची कळ असेल, तर फक्त तो ब्रेक हलकेच लावावा.

मोटारघराच्या टायरांविषयी एक गैरसमज प्रचलित आहे. वर्षातील दहा महिने ते उभेच असते; टायरांवरील नक्षी नवीसारखी दिसते आणि मालक निश्चिंत राहतो. परंतु रबर उभ्यानेही म्हातारे होते. टायरच्या बाजूवर उत्पादनाचे चार अंक असतात : ०८२१ म्हणजे २०२१ सालचा आठवा आठवडा. ते वाचावेत, भेगा पाहाव्यात, आणि मागे जोडचाके असल्यास आतल्या चाकाची हवाही तपासावी. वाकण्याचा कंटाळा येतो म्हणून नेमके तेच राहून जाते.

अमेरिकेत पुष्कळ लोक मोटारघरामागे लहान मोटार चारही चाकांवर ओढत नेतात. ही सोय प्रत्येक मोटारीला मानवत नाही. काही स्वयंचलित गिअरपेट्यांना इंजिन चालू असतानाच तेल पोचते. अशी मोटार बंद स्थितीत ओढली तर गिअरपेटी जळते. निर्मात्याची पुस्तिका पाहिल्यावाचून जोडणी करू नये. मागील मोटारीला पूरक ब्रेक लावावा, जोड निसटल्यास उपयोगी पडणाऱ्या साखळ्या अडकवाव्यात, आणि दोन्ही वाहनांचे दिवे एकमेकांबरोबर लागतात की नाही ते दुसऱ्या माणसाला मागे उभे करून पाहावे. अशी जोडी मागे घेता येत नाही. ओढलेल्या मोटारीची पुढची चाके भलतीकडे वळून अडकतात. तेव्हा अरुंद गल्लीत शिरण्यापूर्वीच विचार करावा.

शेवटी गॅसच्या नळकांड्याची झडप बंद करावी, विशेषतः पेट्रोल भरण्यापूर्वी. शीतकपाटाची ज्योत पेटती राहिल्यास तेथे स्फोट होऊ शकतो. पायरी व छतावरील एरियल आत घ्यावीत. आणि घराची उंची, छतावरील उपकरणांसह मोजून, चालकाच्या डोळ्यांसमोर चिकटवून ठेवावी. पूल समोर आल्यावर मोजपट्टी काढण्यास सवड नसते.