पागडीच्या घरातून कायदा वाचताना

गिरगावातल्या आमच्या उपकरप्राप्त चाळीच्या भाडेकरू समितीचं काम मी बरीच वर्षं करते आहे. नव्याने समिती बांधणाऱ्यांसाठी हे चार शब्द.

१. भाडेपावती सांभाळा. ती अजून आजोबांच्या नावावर असेल तर आपलं नाव आजच लावून घ्या. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली की मालकाची टाळाटाळ सुरू होते. पागडीला १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने मान्यता दिली खरी, पण रोखीने दिलेल्या रकमेचा कागद कुणाकडेच नसतो.

२. मालकाची बाजूही ऐकून घ्या. १९४७च्या कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. तेवढ्या भाड्यात कुठला जिना दुरुस्त होणार? म्हणूनच १९६९मध्ये दुरुस्ती मंडळ आणि उपकर आला. आमच्या जिन्याखालचे टेकू आता गंजलेत. मुलं त्यांना दप्तरं अडकवतात. ते पाहिलं की अजूनही पोटात गोळा येतो.

३. सगळी ओढाताण वेळेची आहे. मालकाला थांबणं परवडतं, जमिनीचा भाव वाढतच असतो. भाडेकरूच्या डोक्यावर मात्र छत कधी कोसळेल याचा नेम नसतो. म्हाडा कायद्यातलं कलम ७९-अ मला मोलाचं वाटतं ते यासाठीच. विधिमंडळाने ते २०२०मध्ये मंजूर केलं, राष्ट्रपतींची संमती २०२२मध्ये मिळाली. धोकादायक इमारतीच्या मालकाला नोटिशीनंतर पुनर्विकासाच्या प्रस्तावासाठी सहा महिने मिळतात, त्याने हालचाल केली नाही तर पुढचे सहा महिने भाडेकरूंच्या संस्थेला, आणि तेही सरले की म्हाडा भूसंपादन करू शकते. मालकाचा मोबदलाही ठरलेला आहे: रेडी रेकनरनुसार जमिनीच्या किमतीच्या २५ टक्के किंवा विक्रीच्या बांधकामातले १५ टक्के, यांतलं जे जास्त असेल ते.

पण सहा महिने म्हणजे फार नाहीत. त्यात ५१ टक्के संमतीपत्रं, वास्तुविशारद, संस्था हे सगळं बसवायचं. एखादं बिऱ्हाड अमेरिकेत, एखाद्या खोलीवरून भावांचा वाद. तेव्हा संमत्या नोटीस यायच्या आधीच गोळा करा. कोर्टाची वाट पाहू नका. म्हाडा कायद्यातल्या १९८६च्या संपादनाच्या तरतुदींना मालकांनी दिलेलं आव्हान १९९२मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्याच प्रकरणात सगळी खासगी मालमत्ता समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही, हे नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं ते नोव्हेंबर २०२४मध्ये.

४. बिल्डरच्या करारात चटईक्षेत्र सगळेच वाचतात. तुम्ही पर्यायी घराच्या भाड्याचं कलम आधी वाचा. रेराचा रोख विक्रीचं घर घेणाऱ्यावर आहे, पुनर्वसनातल्या भाडेकरूला तिथे फारसा आधार नाही. भाड्यासाठी बँक हमी मागा, आणि ती हातात पडल्यावरच खोलीची किल्ली द्या.